खाते बदलल्याचा बोनस : विलायतेतल्या मुलांनी आणि इथल्या घरच्यांनी काय पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडात बँक खाते एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेले की शंभर ते दोनशे पौंड बोनस मिळतो, ही गोष्ट आता गोव्याच्या वाड्यावाड्यावर पोहोचली आहे. स्विंडन, साउथॉल, लेस्टर कुठेही असला तरी आपल्याकडे मुलगा ‘लंडनला’च असतो, आणि लंडनहून फोन आला की हा विषय निघतोच. बातमी खरी आहे. रक्कमही लहान नाही, पंधरा-वीस हजार रुपयांच्या घरात जाते. पण अर्धवट ऐकून केलेल्या अर्जामुळे बोनस हुकतो, पगार भलत्या खात्यात अडकतो किंवा घरकर्जाच्या वेळी अडचण येते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी शब्दाचा घोळ काढून टाकू. आपल्याकडे ‘करंट अकाउंट’ म्हणजे दुकानदाराचे, कंत्राटदाराचे चालू खाते, ज्यावर व्याज नाही. ब्रिटनमध्ये मात्र पगार जमा होणारे, घरभाडे आणि विजेचे बिल जिथून जाते ते साध्या माणसाचे रोजचे खाते म्हणजे करंट अकाउंट. बोनस या खात्यावर आहे. बचत खात्यावर नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे पैसे खाते उघडल्याबद्दल मिळत नाहीत, खाते हलवल्याबद्दल मिळतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१३ पासून ‘करंट अकाउंट स्विच सर्व्हिस’ नावाची व्यवस्था चालू आहे. नव्या बँकेत अर्ज करायचा, जुन्या बँकेत जायचेच नाही. तारीख ठरली की कामाच्या सात दिवसांत नवी बँक जुन्या खात्यातली शिल्लक, सगळे डायरेक्ट डेबिट आणि स्टँडिंग ऑर्डर (खात्यातून ठरल्या वेळी आपोआप जाणारी बिले आणि हप्ते) स्वतःकडे ओढून घेते आणि जुने खाते बंद होते. शनिवार, रविवार आणि बँकांच्या सुट्ट्या या सात दिवसांत धरत नाहीत. त्यानंतर कोणी चुकून जुन्या खात्यात पैसे पाठवले तर ते आपोआप नव्या खात्यात वळतात, आणि ही सोय किमान तीन वर्षे असते. या हलवाहलवीत बँकांच्या चुकीने काही दंड किंवा व्याज बसले तर ते भरून देण्याची हमीही आहे.

हे सगळे ‘फुल स्विच’ला, म्हणजे जुने खाते बंद करून पूर्ण हलवण्याला लागू. अर्जात ‘पार्शल स्विच’ असाही पर्याय दिसतो. त्यात जुने खाते चालू राहते, आणि ‘जुने असू दे, कधी लागेल’ या आपल्या स्वभावाला तो बरा वाटतो. पण त्याला ना सात दिवसांची हमी, ना पैसे वळवण्याची सोय, आणि बोनस तर बहुधा नाहीच. बोनस हुकण्याचे पहिले कारण हेच.

दुसरे कारण डायरेक्ट डेबिट. बहुतेक बँका किमान दोन चालू डायरेक्ट डेबिट मागतात. मोबाईलचे बिल, पाणी, वीज-गॅस, कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर) यांची वसुली समोरची कंपनी किंवा कौन्सिल आपल्या परवानगीने खात्यातून करते, म्हणून ते डायरेक्ट डेबिट. घरमालकाला दर महिन्याला आपण स्वतः लावून ठेवलेले भाडे ही स्टँडिंग ऑर्डर, ती मोजत नाहीत. डेबिट कार्डाचा नंबर देऊन घेतलेली जिमची किंवा सिनेमा-मालिकांची वर्गणी हीसुद्धा डायरेक्ट डेबिट नव्हे. चार मुलांनी एक घर भाड्याने घेतले आणि बिले एकाच्याच नावावर असली तर बाकी तिघांच्या खात्यात एकही डायरेक्ट डेबिट नसतो, आणि हे अर्ज फेटाळला गेल्यावर कळते. कौन्सिल टॅक्सचीही एक गंमत आहे. तो साधारणपणे एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत घेतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये वसुली नसते. ठरलेल्या मुदतीत डायरेक्ट डेबिटची रक्कम प्रत्यक्ष कापली गेली पाहिजे अशी बँकेची अट असेल, तर फेब्रुवारीत केलेल्या स्विचला कौन्सिल टॅक्स उपयोगी पडत नाही. नवा डायरेक्ट डेबिट लावला तर तो खात्यावर दिसायलाही काही दिवस जातात. तेव्हा अर्जाआधी दोन-तीन आठवडे हे उरकून घ्यावे.

तिसरी अट पैसे भरण्याची. पहिल्या तीस किंवा साठ दिवसांत हजार, दीड हजार पौंड नव्या खात्यात आले पाहिजेत, असे लिहिलेले असते. ते एकरकमी हवेत की थोडेथोडे चालतील, स्वतःच्याच दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून आणलेले चालतील की पगारच हवा, हे दर बँकेत वेगळे. त्याच बँकेतल्या आपल्या दुसऱ्या खात्यातून फिरवलेले पैसे मात्र सहसा धरत नाहीत. कुठे डेबिट कार्डाने ठरावीक वेळा खरेदी करायला सांगतात, कुठे मोबाईल ॲपमध्ये एकदा तरी लॉगिन व्हावे लागते. अर्ज करण्याच्या दिवशीच अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. या योजना न सांगता बंद होतात, अटी बदलतात, आणि नंतर बँकेशी बोलताना हातात काही लागते.

पात्रतेत आणखी एक मेख आहे. ‘यापूर्वी आमच्याकडून असा बोनस घेतलेला नसावा’ ही अट बहुतेक ठिकाणी असते, आणि ‘आमच्याकडून’ म्हणजे पूर्ण समूहाकडून. लॉइड्स, हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड ही एकाच घरची नावे. नॅटवेस्ट आणि रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड हीसुद्धा तशीच. पाटी वेगळी दिसली म्हणून बँक वेगळी समजू नये. नवरा-बायकोचे संयुक्त खाते असेल तर बोनस बहुधा एकच मिळतो. एकट्याचे खाते संयुक्त खात्यात हलवता येते, संयुक्त खाते एकट्याच्या नावावर या व्यवस्थेतून हलवता येत नाही.

आता नावाबद्दल. गोवेकरांनी इथे सर्वात जास्त लक्ष द्यायला हवे. स्विच होण्यासाठी जुन्या आणि नव्या खात्यावरचे नाव आणि पत्ता जुळावा लागतो. पूर्वज पोर्तुगीज अमलात जन्मलेले म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलेल्यांची कागदपत्रे दोन वळणांची असतात. लिस्बनला जन्मनोंद करताना आजोबांच्या काळच्या कागदावरून नाव उतरले, तर कामतांचे ‘कामोतिम’, प्रभूंचे ‘पोरोबो’, शेणव्यांचे ‘सिनाय’ होते, आणि नाईकांच्या स्पेलिंगात ‘के’च्या जागी ‘क्यू’ येतो. शाळेच्या दाखल्यावर आणि भारतीय कागदांवर मात्र नेहमीचे स्पेलिंग. त्यात आपण मधले नाव वडिलांचे लावतो. ते एका बँकेने घेतलेले असते, दुसरीने गाळलेले असते. पहिले खाते एका स्पेलिंगवर आणि दुसरे दुसऱ्यावर असले की संगणक ती दोन माणसे समजतो आणि स्विच परत येते. उपाय साधा आहे, पण तो आधी करायचा : जुन्या बँकेत पासपोर्ट दाखवून नाव दुरुस्त करून घ्यावे, पत्ता बदलला असल्यास तोही, आणि मगच नवा अर्ज भरावा. पैसे पाठवताना खातेदाराचे नाव पडताळण्याची पद्धतही तिथे आहे, त्यामुळे नाव एकदा नीट केले की पुढेही उपयोगी पडते.

मतदारयादीचा या सगळ्याशी संबंध आहे, हे अनेकांना पटत नाही. ब्रिटनमधल्या बँका ओळख आणि पत्ता पडताळताना मतदारयादी पाहतात. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून आणि पोर्तुगीज नागरिक दोन देशांमधल्या करारामुळे, असे दोघेही तिथे कायदेशीर राहत असल्यास यादीत नाव घालू शकतात. पोर्तुगीज नागरिकाला मतदान फक्त स्थानिक निवडणुकीत, पण यादीत नाव आले की पत्त्याचा पुरावा भक्कम होतो. नुकत्याच गेलेल्या मुलाचा अर्ज नाकारला जातो त्यात पुष्कळदा दोष उत्पन्नाचा नसतो. त्या देशात त्याची पतनोंदच, म्हणजे उसने आणि बिले वेळेवर फेडल्याची नोंद, तयार झालेली नसते. अशा मुलाने पहिले वर्षभर बोनसच्या मागे लागू नये.

पतनोंदीचा विषय निघालाच आहे. करंट अकाउंटच्या अर्जासाठी बँक बहुधा ‘हार्ड सर्च’ करते, म्हणजे एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन यांच्यापैकी एखाद्या संस्थेकडची आपली नोंद उघडते, आणि ती उघडल्याची खूण वर्षभर इतर बँकांना दिसते. एक खूण काही बिघडवत नाही. दोन महिन्यांत तीन-चार झाल्या की माणूस पैशांच्या ओढाताणीत आहे असा अर्थ निघतो. ज्याला पुढच्या सहा महिन्यांत घरकर्ज काढायचे आहे त्याने बोनसचा विचारच करू नये. पावणेदोनशे पौंडांसाठी लाखो पौंडांच्या कर्जाचा व्याजदर पणाला लावणे हा व्यवहार नव्हे. अर्जात ‘ओव्हरड्राफ्ट (शिल्लक संपली तरी बँकेचे पैसे उचलण्याची सोय) हवा का’ असे विचारतात, तिथे गरज नसेल तर नको म्हणावे. एप्रिल २०२० पासून तिथे ओव्हरड्राफ्टवर एकच वार्षिक दर सांगावा लागतो आणि तो बऱ्याच बँकांत चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. जुन्या खात्यात ओव्हरड्राफ्ट वापरलेला असेल तर तो आपोआप पुढे जात नाही. आधी फेडावा किंवा नव्या बँकेकडून लेखी मंजूर करून घ्यावा.

अनुभवी मंडळी पगाराचे खाते हलवतच नाहीत. ती एक जास्तीचे करंट अकाउंट ठेवतात, त्यावर दोन लहान डायरेक्ट डेबिट लावतात आणि तेच हलवतात. पगार, भाडे, घरी पाठवायचे पैसे जिथल्या तिथे राहतात आणि स्विचमध्ये काही अडले तरी घर चालते. ही रीत आम्हाला पसंत आहे. मात्र ते जास्तीचे खाते उघडतानाही एक हार्ड सर्च होऊ शकते हे धरून चालावे.

मुख्य खातेच हलवायचे असेल तर काही गोष्टी हाताने कराव्या लागतात, कारण ती व्यवस्था त्या करत नाही. कार्डावर लावलेल्या वर्गण्या नव्या कार्डावर घालाव्या लागतात. जुन्या खात्याची निदान वर्षभराची स्टेटमेंट बंद होण्याआधी उतरवून घ्यावीत. व्हिसाच्या किंवा स्थायिकतेच्या अर्जाला ती लागतात आणि खाते बंद झाल्यावर ॲप उघडेलच असे नाही. गोव्यात पैसे पाठवण्यासाठी ज्या कंपनीकडे नोंद केली आहे तिला नवा सॉर्ट कोड (बँक आणि शाखा ओळखण्याचा क्रमांक) आणि खाते क्रमांक कळवावा. अर्जाच्या वेळी जुन्या खात्याचा सहा आकडी सॉर्ट कोड, आठ आकडी खाते क्रमांक आणि जुने डेबिट कार्ड हाताशी ठेवावे.

आणि तारीख निवडताना चतुर्थी, नाताळ आणि घरचे लग्न कॅलेंडरवर बघावे. नवे कार्ड आणि पिन पोस्टाने येतात, तेही ब्रिटनच्या पत्त्यावर. माणूस फोंड्यात मखर सजवत असताना स्विचचा दिवस उजाडला, की जुने कार्ड त्या दिवशी बंद आणि नवे स्विंडनच्या दाराच्या फटीत पडलेले. परतीच्या विमानतळावर खिशात एकही चालणारे कार्ड नाही. गावी यायच्या निदान तीन आठवडे आधी हे काम संपवावे, नाहीतर परत गेल्यावर करावे. तारवटी मुलांनी तर जहाजावर चढण्याच्या तोंडावर हा अर्ज करूच नये.

सगळे नीट झाले तर अटी पूर्ण झाल्यानंतर काही दिवसांत, कधी महिनाभराने, रक्कम नव्या खात्यात जमा होते. ती येईपर्यंत ते खाते पुढे हलवू नये, डायरेक्ट डेबिट काढू नये.

आता गोव्यातल्या घरच्यांसाठी. ‘तिकडे मिळतो, मग इकडे का नाही’ हा प्रश्न रास्त आहे. एक कारण नियमाचे. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या ठेवींच्या व्याजदरविषयक निर्देशांत ठेवी मिळवण्यासाठी बक्षिसे आणि सोडती यांना मनाई केली होती आणि ठेवीदाराला द्यायच्या भेटवस्तूची मर्यादा अडीचशे रुपये ठेवली होती. म्हणून ‘आमच्या बँकेत खाते वळवा, पंधरा हजार रोख मिळवा’ असा फोन आला तर तो बँकेचा नसणार, असेच धरावे. व्यापाऱ्यांच्या चालू खात्याला मोफत क्यूआर, स्वाइप मशीनच्या भाड्यात सूट असे काही मिळते ते खरे. पण सरासरी शिल्लक किती ठेवावी लागेल आणि महिन्याला किती रोख भरणा फुकट, हे दोन आकडे लेखी घेतल्याशिवाय म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारातल्या दुकानदाराने खाते हलवू नये. बाजारपेठेत रोख भरणा मोठा असतो आणि फुकट मर्यादेच्या वरच्या भरण्याला जे शुल्क पडते त्यावर जीएसटीही लागतो. बँकेचे आरोग्यही पाहावेच. म्हापसा अर्बन या सहकारी बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला, आणि ठेवविमा पाच लाखांपर्यंतच असतो, हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

या बोनसच्या नावाखाली एक घातक प्रकार चालतो. ‘तुझ्या नावावर खाते उघड, कार्ड आणि ॲप आमच्याकडे दे, बोनस अर्धा-अर्धा’ असे तिकडच्या मुलांनाही सांगतात आणि इकडच्या कॉलेजातल्या मुलांनाही. असे खाते फसवणुकीचा पैसा फिरवायला वापरतात. ब्रिटनमध्ये अशा खातेदाराची नोंद ‘सिफास’ या फसवणुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे सहा वर्षांपर्यंत राहते, तेवढा काळ साधे खाते किंवा मोबाईलचा करारही मिळणे कठीण होते, आणि मनी लाँडरिंगच्या गुन्ह्याला कमाल चौदा वर्षांची कैद आहे. आपल्याकडेही पोलीस आधी ज्याच्या नावावर खाते त्याच्या दारात येतात. मुलाने ओटीपी विचारला म्हणून आईनेही तो सांगू नये. मुलाचाच आवाज आहे असे वाटले तरी फोन ठेवावा आणि नेहमीच्या नंबरवर आपण लावावा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

‘इकडे का नाही’ याचे दुसरे कारण यंत्रणेचे आहे आणि आमच्या मते खरे कारण तेच. तिकडे बोनस देता येतो कारण बँक बदलण्याचे ओझे ग्राहकावर नाही. आपल्याकडे ते पूर्ण ग्राहकावर आहे. खाते बदलले की विम्याचा हप्ता, कर्जाचा हप्ता, एसआयपी यांचे मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी) एकेक करून नव्याने द्यायचे, जीएसटी आणि प्राप्तिकराच्या पोर्टलवर खाते बदलायचे, गोवा सरकारच्या गृह आधार किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येत असतील तर तिथे अर्ज द्यायचा. नव्या खात्याच्या फॉर्मवर सरकारी अनुदानासाठी आधार जोडण्याची एक चौकट असते. तिथे न वाचता टिक केली की गॅसचे अनुदान नव्या बँकेकडे वळते, आणि घरातली बाई जुन्या पासबुकात नोंद शोधत राहते. मोबाईल नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये आली. खाते क्रमांकाबाबत तशा सोयीचा विषय रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्ये मांडला होता. तशी सोय ग्राहकाच्या हातात आलेली नाही.

तोपर्यंत गोव्यातल्या बँकांना एक काम आजच करता येईल, आणि त्याला कोणत्याही नव्या नियमाची गरज नाही. खाते बंद करण्याचा फॉर्म ग्राहकाच्या हाती देतानाच त्या खात्यावर चालू असलेल्या सगळ्या मँडेटची आणि गेल्या बारा महिन्यांत नियमित जमा होणाऱ्या सरकारी रकमांची यादी छापून द्यावी. माहिती शाखेच्या संगणकात असते. ज्येष्ठ नागरिकांना ती मराठीतून किंवा कोंकणीतून समजावून सांगितली तर उत्तमच. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी बँकांपर्यंत न्यावी, ही विनंती.

आपले,
फोंडा आणि डिचोली परिसरातील काही निवृत्त बँक कर्मचारी